हातभर माया

मी कोयनेल बोलतेय. जरा जवळ या, कारण मोठ्यानं बोलायची मला सवय नाही आणि हिंमत तर त्याहून नाही. दोन घरांच्या मधलं चाळीस पावलांचं कुंपण म्हणजे मी. दिसायला दाट, उंच, चांगली गरगरीत, पण आतून पक्की भित्री भागूबाई. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं तुम्ही लोक हसत हसत म्हणता. सरड्याचं बरं आहे हो, त्याला निदान धावता तरी येतं. कुंपणानं कुठे धावायचं?

माझा जन्मच मुळी कात्रीनं झाला. मास्तरांनी कुठल्याशा बागेतून बोटभर जाडीच्या फांद्या आणल्या आणि शिवणकामाच्या जुन्या कात्रीनं त्यांचे एकसारखे तुकडे केले. मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं, गळ्यात टेप आणि कानामागे खडू. जेवतानासुद्धा टेप काढायचे नाहीत. पलीकडच्या घरात त्यांचा दोस्त राहायचा, बेकरीवाला. अंगाला कायम पीठ लागलेलं, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा.

खड्डे खणताना बेकरीवाला ओरडला, "मास्तर, हद्दीची खूण ही इथे आहे. तुम्ही एवढे आत काय खणताय? तुमचीच जागा जातेय!"

"अरे, नेमक्या रेषेवर कापणारा शिंपी पाहिलायस कधी?" मास्तर म्हणाले. "थोडी माया ठेवायला लागते."

ही माया म्हणजे प्रेमबिम नव्हे बरं का. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मास्तरांनी जमिनीलाही तशीच माया ठेवली. हद्दीपासून हातभर आत, स्वतःच्या जागेत, मला ओळीनं खोचलं. मग नमुने आखायच्या खाकी कागदावर दोन ओळी लिहिल्या: 'हद्दीच्या आत हातभर माया ठेवून कुंपण लावले आहे. पुढेमागे लागल्यास सोडता येईल.' खाली दोघांच्या सह्या झाल्या. एक कागद इकडे, एक तिकडे.

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं माझी बरी गेली. बरी म्हणजे आपली भीत भीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं आपापल्या बाजूनं कात्र्या घेऊन यायचे. कच कच आवाज सुरू झाला की झालं. प्रत्येक वेळी वाटायचं, आज संपलं सगळं. मास्तर टेप लावून उंची बघायचे, बेकरीवाला म्हणायचा, "आता काय तिला बाह्यापण शिवणार का?" आणि काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दारातूनच म्हणायच्या, "हसा, हसा. तुमच्या बाजूला वाकडी कापलीय, ते बघा आधी." काकूही शिवायच्या. काज, बटणं, हातशिलाई सगळी त्यांची.

मग मास्तर गेले. चारच दिवसांचा ताप. त्यानंतर बेकरीवाला एकटाच दोन्ही बाजू कापायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही. पुढे त्याचेही गुडघे गेले. घर विकून तो लेकीकडे राहायला गेला. जाताना माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "सांभाळ गं." मी काय सांभाळणार? मलाच कुणीतरी सांभाळायला हवं होतं.

त्याच्या घरात चष्मेवाले आले. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण अबोल. सकाळी निघताना कुलूप लावायचे ते दाराला आणि तोंडालाही. माझ्या त्यांच्याकडच्या बाजूला दोन वर्षं कात्री लागली नाही आणि मी आपली वाढत गेले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटत होतं. पण माझं पोट सुटलं, आणि त्यांच्या घराची भिंत आणि मी यांच्या मधली वाट अरुंद झाली. इतकी, की माणसानं आडवं होऊन जावं.

सगळ्या भीतीचं मूळ तिथे आहे, म्हणून नीट सांगते. त्यांच्या घराला पुढून पाच पायऱ्या आहेत. बाजूचं दार मात्र सपाट, ते या वाटेवर उघडतं आणि वाट मागच्या बागेत जाते. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या वडिलांना इथे आणलं, चाकाच्या खुर्चीतून. वडिलांचं अर्धं अंग गेलेलं, बोलणं सगळं एकात एक अडकलेलं. एका दुपारी चष्मेवाल्यांनी ती खुर्ची बाजूच्या दारातून बाहेर काढली आणि चार हातांवर ती माझ्यात रुतली. चाकात माझी फांदी, फांदीत चाक. ना पुढे, ना मागे. म्हाताऱ्यानं मात्र चांगल्या हातानं माझं एक पान तोडलं, चुरगळलं आणि हुंगलं. माझा वास कडू आहे, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तो हसला. मग खुर्ची तशीच मागे ओढली गेली आणि दार बंद झालं. नंतर तो मला फक्त खिडकीत दिसायचा.

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवसभर पुढच्या खोलीत मशीनवर, आणि मी मध्ये आडवी. मला दोन्हीकडचं ऐकू येतं, दोन्हीकडचं दिसतं, आणि सांगता काहीच येत नाही. दुसरी शिक्षा नको.

एका सकाळी चष्मेवाले माझ्यावरून डोकावले. "काकू, हे कुंपण फार वाढलंय. काढून टाकून भिंत घालूया का? भिंतीला जागा कमी लागेल."

काकूंच्या हातात सुई होती, ती तशीच राहिली. "काढून टाकून?"

"हो. मला जागा हवी आहे."

"कशाला?"

चष्मेवाल्यांनी मागे वळून खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगा हो, मी मनात म्हणत होते, एवढं एक वाक्य सांगा. पण त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी जागा आहे, मला हवी. कारण कशाला पाहिजे?"

"मग मलाही नको म्हणायला कारण नाही लागत," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

झालं. त्या दिवसापासून बोलाचाली बंद. पाचोळा त्यांच्या अंगणात पडला की तो इकडे यायचा, इकडून पुन्हा तिकडे जायचा. काकू माझ्याशी येऊन बोलायच्या, "बघते कोण हात लावतो तुला ते. मी आहे ना." त्यानं मी अधिकच घाबरायचे. रक्षण करायला कुणी पुढे आलं म्हणजे मारणारा कुठेतरी आहेच, नाही का?

मारणाऱ्यांचा सल्लागारही आला. चष्मेवाल्यांनी बोलावलेला माळी मला न्याहाळून हळूच म्हणाला, "साहेब, मुळाशी मीठ घाला थोडं थोडं. महिन्याभरात आपोआप वाळून जाईल, कुणाला पत्ता लागायचा नाही."

माझी पाचावर धारण बसली. चष्मेवाले म्हणाले, "असलं काही नको. करायचं ते सांगून करू." हे ऐकून जिवात जीव यायला हवा होता, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. त्यानंतर कुणाच्याही हातात पिशवी दिसली की मला मीठच वाटायचं. दळण आणलं तरी मीठ, कपड्यांचा साबण आणला तरी मीठ.

मग एक दिवस वकिलाची नोटीस आली: कुंपण आमच्या हद्दीत आलंय, काढून टाका. काकूंनी ती उभ्यानं वाचली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली. दोन दिवस मशीन चाललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनावलं, मला नव्हे, वाऱ्याला, "शेजारी राहून टपालानं बोलतात माणसं! खुशाल मोजणी आणा म्हणावं."

तिकडे चष्मेवाल्यांना घराच्या कागदांत तो खाकी कागद सापडला होता. माळ्याला त्यांनी वाटेत उभं राहून वाचून दाखवला. "हे बघ, माया ठेवून कुंपण लावलं. म्हणजे प्रेमानं लावलं, ठीक आहे. पण पुढे बघ, लागल्यास सोडता येईल! म्हणजे गरज पडली की कुंपण सोडून द्यायचं, हे त्यांचंच ठरलेलं होतं."

अहो, नाही! तशी माया नाही ती! शिवणीतली माया! मी ओरडत होते, पण आमचं ओरडणं म्हणजे पानांची सळसळ. माळी म्हणाला, "वारा सुटला वाटतं."

मोजणीचा दिवस आला. मोजणीदार साखळी, खुंट्या आणि नकाशाची गुंडाळी घेऊन आले. चष्मेवाल्यांची इतकी खात्री होती की त्यांनी माळ्यालाही त्याच दिवशी बोलावलं होतं. तो आला कुऱ्हाड आणि पहार घेऊन. पहार त्यानं माझ्याच बुंध्याला टेकवून ठेवली. तिचं थंड लोखंड मला लागत होतं आणि मोजणीदार आरामात चहा पीत होते. माणसांना चहा सुचतो तरी कसा, देव जाणे.

साखळी ताणली, खुंट्या ठोकल्या, नकाशा दोनदा उलटासुलटा केला. मग मोजणीदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"साहेब, कुंपण सगळंच्या सगळं बाईंच्या जागेत आहे. उलट तुमच्या भिंतीलगतची ही वाट आहे ना, तिच्यातली हातभर जागासुद्धा बाईंचीच."

चष्मेवाले पायरीवर बसले. चेहरा पार उतरला. माळ्यानं पहार उचलून खांद्यावर टाकली, आणि मी एवढीशी, अगदी एवढीशीच, खूश झाले. वाचले, म्हटलं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मग माझी हातभर जागा मला परत हवी. तिथे तार ठोका. आजच."

तार त्यांच्या भिंतीलगत आली म्हणजे वाट संपली. म्हातारा जन्मभर त्या खिडकीत. आणि मी इथे हिरवीगार, त्याच्या उजेडावर बसलेली! कुंपणच शेत खातं म्हणतात, ते दुसरं काय असतं? मला मरायची भीती होती, हो होती, पण असं जगायची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

एवढ्यात बाजूच्या दारावर आतून काहीतरी आदळलं. पुन्हा एकदा आदळलं. चष्मेवाले उठले. दार उघडलं तर खुर्ची चौकटीत अडकलेली. बाहेर एवढी माणसं कसली बोलतायत, ते बघायला म्हातारा स्वतःच चाक ढकलत आला होता.

काकू टाचा उंचावून माझ्यावरून बघत राहिल्या. "हे कोण?"

"बाबा."

"कधीपासून आहेत इथे?"

"वर्ष होईल."

"वर्ष? आणि मला पत्ता नाही?" काकूंनी खुर्चीकडे बोट केलं. "जागा यांच्यासाठी हवी होती?"

चष्मेवाल्यांनी मान हलवली. "पुढे पायऱ्या आहेत. या वाटेनं खुर्ची जात नाही. बाग दिसते त्यांना, पण जाता येत नाही."

"मग हे आधी का नाही बोललात? तोंडाला काय शिवण घातली होती?"

"मागायची लाज वाटली, काकू." ते खाली बघत म्हणाले. "बाबा आजारी पडल्यापासून सगळ्यांकडे मागतच आलोय. म्हटलं, हक्काचं निघालं तर कुणाला विनवायला नको."

माळी पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. मग काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मास्तरांनी कुंपणाचा एक खाकी कागद लिहिला होता, माझ्याकडचा कुठे गेला कुणास ठाऊक. तुमच्याकडचा द्या बघू इकडे."

चष्मेवाल्यांनी माझ्यावरून कागद दिला. नवऱ्याच्या अक्षरावरून काकूंनी बोट फिरवलं आणि पुढच्याच क्षणी त्यांना हसू फुटलं. "अहो, ही माया म्हणजे शिवणीतली! तुम्हाला काय वाटलं, प्रेमपत्र आहे? सदरा आवळ झाला की आतली माया सोडून सैल करतात. सोडता येईल म्हणजे कुंपण नव्हे हो, माया सोडता येईल. जागा! मास्तरांनी हातभर जागा ठेवली होती ती पुढेमागे कुणाला तरी लागेल म्हणून. आणि मी खुळी तिथे तार ठोकायला निघाले होते."

"पण ती हातभर तर आत्ताही वाटेतच आहे," चष्मेवाले म्हणाले. "तरी खुर्ची जात नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. माळ्यानंही बघितलं. मला कळलं.

"हिचं पोट," काकू म्हणाल्या. "तुमच्या बाजूचं सगळं कापायचं. खोडापर्यंत."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे समेट झाला दोघांचा आणि पोट कापायचं ठरलं तिसरीचं. तेही माझी बाजू घेणाऱ्या काकूंच्या तोंडून.

माळी प्रामाणिक निघाला. म्हणाला, "बाई, जुन्या लाकडापर्यंत कापलं तर पुन्हा फुटेलच असं नाही. वय झालंय हिचं. तीन आठवडे वाट बघू. नाही फुटलं तर गेलं समजा, मग उपटायलाच लागेल."

काकूंनी माझ्या एका फांदीला हात लावला. तो हात गार पडला होता, मला जाणवलं. मास्तरांच्या हातच्या आता या घरात दोनच गोष्टी उरल्या होत्या, ते मशीन आणि मी.

"कापा," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कसं कापलं ते मी सांगणार नाही. वरून छातीएवढ्या उंचीवर छाटलं, आणि एका बाजूला पान नाही, नुसती तपकिरी खोडं. इतकी वर्षं जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे ते भसकन आत आलं आणि भाजायला लागलं. दुसऱ्याच दिवशी खुर्ची त्या वाटेनं सरळ बागेपर्यंत गेली. म्हातारा झाडाखाली बसला, मान वर करून बघत राहिला, तोंडानं कसलेसे आवाज काढत राहिला. मला आनंद झाला का? झाला. पण भीती काही आनंदाला विचारून जात नाही.

रोज सकाळी काकू यायच्या आणि एकेका खोडाची साल नखानं खरवडून बघायच्या, आत हिरवं आहे का ते. त्या खरवडायच्या आणि मीही जीव मुठीत धरून बघायचे, कारण आत काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं? पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. दोन खोडं आत तपकिरी निघाली. काकूंनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

एकोणिसाव्या दिवशी म्हातारा खुर्चीतून चालला होता. अचानक त्यानं चांगला हात माझ्याकडे केला आणि मोठमोठ्यानं आवाज काढायला लागला. चष्मेवाले घाबरले. "काय झालं बाबा? आत जायचंय? दुखतंय का?" आणि खुर्ची वळवायला लागले. म्हातारा चिडला, आणखी ओरडला.

इकडून काकू मशीन सोडून धावत आल्या. "थांबा हो, वळवू नका! ते काहीतरी दाखवतायत!"

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे बरोबर माझ्या खोडांच्या उंचीवर येतात. उभ्या माणसांना जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं होतं. खालच्या अंगाला, जुन्या लाकडातून, मोहरीएवढे पाच डोळे फुटले होते. मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

काकूंनी बसकणच मारली. "फुटली," एवढंच म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा मोजले. पाच.

आता तुम्ही म्हणाल, मग संपली की तुझी भीती. छे! खरी भीती तर आता सुरू झालीय.

त्या दिवसापासून दोघांनाही माझा कळवळा आलाय. काकू पहाटे उठल्या उठल्या इकडून दोन बादल्या ओततात. त्या आत गेल्या की दुकानाला जायच्या आधी चष्मेवाले तिकडून दोन बादल्या ओततात. दुपारी म्हातारा आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्याच बुडाशी सांडतो. प्रत्येकाला वाटतं, आपणच तेवढे तिची काळजी घेतो. माळी सांगून गेला होता की पाणी बेतानं घाला, मुळं कुजतील. ते तो चष्मेवाल्यांना सांगून गेला, आणि चष्मेवाले ते काकूंना सांगायचं विसरले. सुकून मरायची तयारी केलेली मी आता चिखलात उभी आहे. त्या पाच डोळ्यांतला एक काल काळा पडला.

अहो, बादल्या दोन बाजूंनी येतात, पण मुळं माझी एकच आहेत. आता तर मी छातीएवढीच राहिलेय, माझ्यावरून एकमेकांचं तोंड दिसतं. उद्या सकाळी बादली उचलायच्या आधी, तुमच्यापैकी कुणीही एकानं, मान वर करून पलीकडे एवढंच विचारा हो:

"आज पाणी घातलंत का?"